कोल्हापुरात राहून काढलेली प्रतीक्षा

लग्नाच्या आधारे अमेरिकेत कायम वास्तव्याची परवानगी मागणाऱ्यांना जो विलंब सोसावा लागतो, तो बाहेरून पाहणाऱ्याला एकसलग वाटतो. अर्ज केला आणि उत्तर आले नाही, एवढेच त्याला दिसते. प्रत्यक्षात हा विलंब अनेक रांगांचा मिळून झालेला असतो. प्रत्येक रांगेचा नियम वेगळा असतो, आणि आज आपण नेमके कोणत्या रांगेत उभे आहोत हे ठाऊक नसले, तर वाट पाहण्याचे ओझे विनाकारण वाढते. २०२१च्या आरंभी माझ्या पतींनी माझ्यासाठी अर्ज केला आणि २०२४च्या अखेरीस माझ्या पासपोर्टवर व्हिसा लागला. मधला सगळा काळ मी कोल्हापुरात होते. त्या काळात मला जे समजत गेले, ते आमच्यासारख्याच परिस्थितीतल्या कुटुंबांसाठी लिहून ठेवावेसे वाटते.

माझ्या पतींना ग्रीन कार्ड २०१८च्या शरद ऋतूत नोकरीच्या मार्गाने मिळाले आणि आमचे लग्न २०२०च्या डिसेंबरमध्ये झाले. या दोन घटनांच्या क्रमाला फार महत्त्व आहे. ग्रीन कार्ड मंजूर होण्यापूर्वी लग्न झालेले असेल, तर पत्नीला पतीच्याच अर्जाच्या आधारे मागाहून तिकडे जाता येते. लग्न नंतर झाले, तर पतीला तिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, त्याचा नमुना आय-१३०. तो अर्ज अमेरिकन नागरिकाने केला असेल, तर पत्नी निकटच्या नातलगांच्या वर्गात मोडते आणि या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. अर्जदार केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर पत्नी एफ-२-ए या वर्गात जाते आणि त्या वर्गाला दरवर्षी ठरावीकच व्हिसे असतात. आम्ही दुसऱ्या वर्गात होतो. मात्र २०१९च्या जुलैपासून या वर्गाची रांग जवळजवळ नव्हतीच, तारीख खुली होती. त्यामुळे अर्ज तपासून मंजूर होण्याचाच काय तो वेळ, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि त्या वेळची परिस्थिती पाहता ते योग्यच होते.

आमचे लग्न टाळेबंदीनंतरच्या निर्बंधांच्या काळातले. कोल्हापुरात लग्न म्हटले की गाव जेवायला येते. आमच्या लग्नाला मात्र पन्नास माणसांची मर्यादा होती. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की या प्रक्रियेत लग्न खरे आहे हे कागदांनी आणि छायाचित्रांनी पटवून द्यावे लागते, आणि मोजक्या पाहुण्यांचे लग्न परक्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटू शकते. म्हणून आम्ही अर्जासोबत एक छोटे निवेदन जोडले. त्या वेळी महाराष्ट्रात लग्नसमारंभावर कोणते निर्बंध होते आणि दोन्ही घरचे कोण कोण उपस्थित होते, हे त्यात लिहिले. लग्नाची नोंद लगेच करून घेतली. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. तीन साक्षीदार, पुरोहितांची सही आणि लग्नपत्रिका एवढे जमवले की दाखला मिळतो. मराठीतल्या प्रत्येक कागदाचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागले. भाषांतर करणाऱ्याने दोन्ही भाषा आपल्याला येतात आणि भाषांतर अचूक आहे, असे सहीनिशी लिहून दिले की पुरते. या साध्या गोष्टीसाठी एजंटांना मोठाल्या रकमा दिलेली माणसे माझ्या पाहण्यात आहेत, म्हणून हे स्पष्ट सांगते.

अर्जाची पोच आली, तिच्यावर एक क्रमांक होता आणि एक तारीख होती. अर्ज ज्या दिवशी दाखल झाला ती ही तारीख म्हणजे रांगेतली आपली जागा. अर्ज टिकून आहे तोवर ती हरवत नाही. त्यानंतर प्रदीर्घ शांतता सुरू झाली.

त्याच वर्षी जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. माझे माहेर शुक्रवार पेठेतले आणि सासर कसबा बावड्याचे, म्हणजे दोन्ही घरे नदीच्या बाजूची. राजाराम बंधाऱ्याची धोक्याची पातळी ४३ फूट आहे; पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि शहराचा संपर्क तुटला. वडिलांनी घरातले धान्य आणि दागिने यांच्याबरोबर माझी कागदपत्रांची फाईल प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून राजारामपुरीत मावशीकडे पोहोचवली. पाणी ओसरल्यावर मी पहिले काम केले ते सगळे कागद स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवण्याचे. मूळ कागद मुलाखतीच्या दिवशी दाखवावेच लागतात, त्यामुळे ते जपण्याला पर्याय नसतो. परंतु मधल्या वर्षांत जे काही पाठवायचे असते ते सारे स्कॅन केलेलेच असते.

शांततेच्या या काळात लग्न झालेल्या, पण नवऱ्याजवळ न राहणाऱ्या मुलीने नेमके कुठे राहावे आणि काय करावे, हा प्रश्न आमच्या समाजात फार अवघड करून ठेवलेला आहे. सासरी राहिले तर माहेरच्यांना वाटते की पोरगी परक्या घरात एकटी आहे. माहेरी राहिले तर गल्लीत कुजबुज होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात, कुणाच्या बारशाला, जिथे जावे तिथे एकच प्रश्न यायचा, "काय गं, कधी जायचं ठरलं?" सुरुवातीला मी प्रत्येकीला प्रक्रिया समजावून सांगत असे आणि घरी परतल्यावर अगदी थकून जात असे. सासूबाईंनी एकदा जवळ बसवून सांगितले, "विचारणाऱ्या बायकांच्या मनात माया असते, तिचा राग धरू नकोस. पण सांगायला आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असावं." त्यांनीच ते वाक्य दिले, "तारीख सरकारच्या यादीत लागते, लागली की पेढे घेऊन येईन." त्यानंतर आम्ही दोन्ही घरी तेवढेच बोललो. मी आठवड्यातले कामाचे दिवस सासरी आणि सुट्टी माहेरी, असे ठरवून घेतले आणि ते दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर बोलून ठरवले, त्यामुळे पुढे कुणाला गैरसमजाला जागा उरली नाही.

नोकरीच्या बाबतीत मात्र मला आसपासच्या जवळजवळ सर्वांच्या विरोधात जावे लागले. मी शाहूपुरीतल्या एका पतसंस्थेत हिशेब विभागात काम करत होते. लग्नानंतर लगेच "आता राजीनामा देऊन टाक, केव्हाही जावं लागेल" असे सांगणारे पुष्कळ भेटले. मी नोकरी सोडली नाही. एवढेच नव्हे तर सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा याच काळात दिली. अमेरिकेत तिचा काय उपयोग, असे मला विचारले गेले. परंतु मी अमेरिकेत नव्हते, कोल्हापुरात होते, आणि सकाळी उठून ज्या जगात कामाला जायचे होते त्या जगात त्या पदविकेला मान होता. ज्या मुली व्हिसा येणार म्हणून काम सोडून घरी बसतात, त्यांचा प्रत्येक दिवस मोबाईलवर अर्जाची स्थिती पाहण्यात जातो, हे मी जवळून पाहिले आहे आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. अर्जाची स्थिती महिन्यातून एकदा पाहिली तरी काहीही बिघडत नाही. काही घडले तर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून सूचना येते.

पतींचे येणे-जाणे हाही सोपा विषय नव्हता. ते ओहायोत. तिकडची संध्याकाळ म्हणजे आमची पहाट, त्यामुळे आमचे रोजचे बोलणे मी कामावर जाण्यापूर्वी होत असे. त्यांनी काही महिने कोल्हापुरात येऊन राहावे असे घरच्यांना साहजिकच वाटे. पण ग्रीन कार्डधारक सहा महिन्यांहून अधिक काळ सलग बाहेर राहिला, तर नागरिकत्वासाठी लागणारे त्याचे अखंड वास्तव्य खंडित झाले असे कायद्याने गृहीत धरले जाते, आणि मग तसे झालेले नाही हे त्याला सिद्ध करावे लागते. म्हणून ते दर वेळी थोडे दिवस येत आणि परत जात. मी पर्यटक व्हिसावर त्यांना भेटून यावे, हाही सल्ला अनेकांनी दिला. तो अर्ज करताना आपल्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का, हे विचारले जाते आणि खरेच उत्तर द्यावे लागते. शिवाय आपण तिकडेच राहून जाणार नाही हे अधिकाऱ्याला पटवण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. पत्नीचा अर्ज प्रलंबित असताना ते पटवणे किती कठीण आहे, हे लक्षात घेऊन आम्ही तो मार्ग घेतला नाही. प्रत्येक भेटीचे विमानाचे तिकीट, पासपोर्टवरचे शिक्के आणि दोन्ही घरच्यांसोबतची छायाचित्रे मात्र नीट ठेवली, कारण दूर राहणाऱ्या जोडप्याचा संसार कागदावर याच गोष्टींतून दिसतो.

२०२३च्या वसंतात आय-१३० मंजूर झाल्याचे कळले आणि त्याच सुमारास दुसरी रांग आमच्यासमोर उभी राहिली. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध करते. कोणत्या वर्गातल्या कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांना व्हिसा मिळू शकतो, हे त्यात लिहिलेले असते. एप्रिल २०२३च्या बुलेटिनमध्ये एफ-२-ए वर्गाची खुली असलेली तारीख एकदम ८ सप्टेंबर २०२० वर आणण्यात आली. आमची तारीख २०२१ची. म्हणजे अर्ज मंजूर होऊनही व्हिसा मिळण्याचा दरवाजा आमच्यापुरता बंद झाला होता, आणि त्याच वर्षी पुढे ती तारीख आणखी मागे गेली. मागणी वर्षाच्या कोट्याहून जास्त झाली की तारीख मागे नेतात. त्यात कुणा एका अर्जदाराचा दोष नसतो. नोकरीच्या वर्गांत भारतीयांना जशी वेगळी, फार लांबची तारीख असते तशी या वर्गात नसते, आपली तारीख इतर बहुतेक देशांइतकीच असते.

पावसाळ्यात आम्ही कोल्हापूरकर बंधाऱ्याची पातळी जशी पाहतो, तसे मी पुढे हे बुलेटिन पाहू लागले. पातळी आपल्या हातात नसते. पण ती वाचता आली की सामान कधी वर चढवायचे हे ठरवता येते. बुलेटिनमध्ये दोन तक्ते असतात. एक प्रत्यक्ष व्हिसा देण्याचा आणि दुसरा कागदपत्रे दाखल करू देण्याचा. दुसऱ्या तक्त्यातली तारीख पुष्कळ पुढे होती, त्यामुळे व्हिसा मिळणार नसला तरी आम्हाला शुल्क भरून कागद देता येत होते. हे लक्षात आल्यावर आम्ही एकही महिना वाया घालवला नाही.

त्या वेळी आमच्यासमोर कोणते उपाय होते, याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण घाबरलेली माणसे इथेच पैसा आणि मनःशांती गमावतात. अर्ज तपासणीला अडकला असेल, तर पती ज्या मतदारसंघात राहतात तिथल्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून चौकशी करवता येते. त्यासाठी पतींनी सही केलेले संमतीपत्र द्यावे लागते आणि त्याला शुल्क पडत नाही. मंजुरीपूर्वी आम्ही हे केले होते आणि निदान फाईल कुठे आहे ते कळले होते. अवाजवी विलंब झाला असेल तर तिथल्या संघीय न्यायालयात दावा दाखल करून निर्णय देण्याचा आदेश मागता येतो. पण हे दोन्ही उपाय तपासणीच्या रांगेचे आहेत. कोट्याच्या रांगेत उभे असताना न्यायालयही तारीख पुढे सरकवू शकत नाही, कारण ती मर्यादा कायद्यातच आहे. ओळखीतल्या एका कुटुंबाला नेमक्या याच टप्प्यावर दाव्यासाठी मोठे शुल्क सांगण्यात आले होते. आम्ही बुलेटिन उघडून दाखवल्यावर त्यांनी तो विचार सोडला.

कोट्याच्या रांगेतून बाहेर पडण्याचा खरा मार्ग एकच होता, पतींनी नागरिकत्व घेणे. ग्रीन कार्डाला पाच वर्षे पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधीपासून तो अर्ज करता येतो. त्यांनी २०२३च्या उन्हाळ्यात तो केला. निर्णय सोपा नव्हता. भारतीय पासपोर्ट सोडायचा म्हणताना त्यांच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले होते, आणि ते स्वाभाविक होते. पतींनी त्यांना बराच वेळ दिला आणि मगच अर्जावर सही केली. २०२४च्या सुरुवातीला त्यांचा शपथविधी झाला. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्समथ येथील राष्ट्रीय व्हिसा केंद्राला पाठवली की अर्जाचा वर्ग बदलतो. नवा आय-१३० करावा लागत नाही. आमचा वर्ग बदलला आणि बुलेटिनशी आमचा संबंध संपला.

कागदपत्रे आधीच गोळा केल्याचा फायदा आता झाला. व्हिसा अर्जाचे ३२५ डॉलर आणि आर्थिक हमीपत्राच्या तपासणीचे १२० डॉलर आम्ही आदल्या वर्षीच भरले होते, डीएस-२६० हा ऑनलाईन अर्जही दिला होता. आर्थिक हमीपत्र म्हणजे आय-८६४. पतीचे उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे हे त्यात करविवरणांसह दाखवावे लागते आणि ही हमी पुढे घटस्फोट झाला तरी सुटत नाही, इतकी ती बंधनकारक असते. माझ्या बाजूने सर्वांत जास्त वेळ जन्मदाखल्याने घेतला. जुन्या नोंदीत आईचे नाव तिच्या माहेरच्या नावाने होते आणि माझ्या पासपोर्टवर सासरच्या. मी मामांचे आणि आत्यांचे अशी दोन प्रतिज्ञापत्रे करून घेतली. दोघांनाही माझा जन्म प्रत्यक्ष आठवतो आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, असे त्यांत लिहिले. लग्नानंतर मी नाव बदलले नाही, त्यामुळे आधार, पॅन, पासपोर्ट आणि शाळा सोडल्याचा दाखला यांत एकच नाव राहिले. प्रक्रिया संपेपर्यंत तसेच राहू द्यावे, असे मी प्रत्येकीला आग्रहाने सांगते. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवेच्या मार्गाने मिळाला.

तिसरी रांग मुंबईतल्या मुलाखतीची. इथे कोटा नसतो, फक्त उपलब्ध वेळा आणि आपल्या आधी कागद पूर्ण केलेले लोक असतात. पत्र आले तेव्हा मी आणि माझा भाऊ महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबईला गेलो. वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी आणि लसींच्या नोंदी पाहिल्या जातात. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईने जपून ठेवले होते, म्हणून काही लसी पुन्हा घ्याव्या लागल्या नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलातली मुलाखत थोडक्यात झाली. आम्ही कसे भेटलो, लग्नाला कोण कोण होते, पतींचे काम काय, ते शेवटचे कधी आले होते, हे विचारले गेले. त्या सर्व प्रश्नांची उत्तरे आमच्या आयुष्यातच होती, पाठ करावे असे त्यांत काही नव्हते.

विलंबाची एक बाजू फारशी कुणी सांगत नाही. १९८६च्या कायद्याने असा नियम केला की अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड सशर्त आणि दोन वर्षांपुरतेच मिळते. मग मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत अटी काढण्याचा अर्ज करून लग्न खरे असल्याचे पुन्हा सिद्ध करावे लागते. आमच्या लग्नाला तोवर दोनहून कितीतरी जास्त वर्षे झाली होती, म्हणून मला थेट दहा वर्षांचे कार्ड मिळणार होते. गेलेली वर्षे त्याने परत येत नाहीत, पण एक रांग कमी झाली, याचे समाधान मला खरोखरच वाटले. पतसंस्थेचा राजीनामा मी व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात आल्यावरच दिला.

जाण्याची तयारी चालू असताना इचलकरंजीची एक मुलगी माझ्याकडे कागद घेऊन आली. तिचाही नवरा ग्रीन कार्डधारक, आता नागरिकत्व घेणार होता, आणि त्यांना एक लहान मुलगी होती. इथे फार मोठा धोका आहे. एफ-२-ए वर्गात आईच्या अर्जात मूल आपोआप सामावलेले असते. पण वडील नागरिक झाले की आई निकटच्या नातलगांच्या वर्गात जाते आणि त्या वर्गात मूल तिच्यासोबत जोडता येत नाही. मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. तो वेळेवर केला नाही, तर आईचा व्हिसा येतो आणि मूल मागे राहते. आम्ही दोघींनी तिच्या नवऱ्याला त्या रात्री फोन लावला. मुलीचा स्वतंत्र अर्ज शपथविधीच्या आधीच दाखल झाला आणि त्याची पोच आली आहे.